युद्धकथा गरम, जेवण गार: अकरा महिन्यांचा हिशेब

काल आमच्या व्याख्यान-जेवण मंडळाच्या वर्गणीच्या नूतनीकरणाचा मेसेज आला. ३१ तारखेच्या आत भरलं तर दहा टक्के सवलत. मेसेजखाली गेल्या वर्षीच्या आठही व्याख्यानांचे फोटो होते, आणि एका फोटोत मागे भिंतीलगत बुफेची झाकलेली भांडी दिसत होती. फोटो मोठा करून बघितला. जेवण गरम ठेवणाऱ्या, भांड्यांखालच्या जेलच्या डब्या पेटलेल्या होत्या आणि वक्ता अजून दुसऱ्याच स्लाइडवर होता. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

पुण्यातल्या या कार्यक्रमांची पद्धत इथल्या बहुतेकांना माहीत असेल. कॅम्पातल्या हॉटेलचा हॉल, आठ-आठ जणांची गोल टेबलं, महिन्या-दीड महिन्याने एक पाहुणा, विषय युद्धेतिहास किंवा सामरिक घडामोडी, आणि शेवटी जेवण. इथली नावं बाहेर घ्यायची नाहीत असा नियम आहे, तेव्हा संस्थेचं आणि वक्त्यांचं नाव विचारू नका. वर्गणी कर धरून १९,२०० रुपये, जेवणं आठ. म्हणजे ताटाला २,४०० रुपये. मी भोसरीत एका कारखान्यात परचेसला ३१ वर्षं काढली. ताटाला २,४०० म्हटलं की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. बार वेगळा, पण सोडा वर्गणीत. मी पीत नाही, तेव्हा दुसऱ्यांच्या सोड्याचे पैसे मी भरतो असं धरा. शिवाय बंद बूट हवेत. पहिल्या दिवशी कोल्हापुरी घालून गेलो तर दारातल्या पोराने इतक्या अदबीने माझ्या पायांकडे बघितलं की मीच परत रिक्षात बसलो.

तरी पहिलं व्याख्यान ऐकून वाटलं, पैसे वसूल. ऑगस्टमध्ये पालखेड झालं. नाशिककडचं धरणाचं नव्हे, वैजापूरजवळचं. फेब्रुवारी १७२८. वक्ते निवृत्त कर्नल. प्रत्येक वक्ता पालखेड म्हटलं की ब्रिटिश फील्डमार्शल माँटगोमेरीने केलेलं कौतुक सांगतो, तसं यांनीही सांगितलं, पण दोन मिनिटांत उरकलं आणि मग नकाशावर आले. निजाम तोफखाना आणि बाडबिस्तरा घेऊन निघालेला, थेट पुण्यात येऊन बसलेला. बाजीराव मात्र पुणे सोडवायला आलाच नाही. निजामाच्या मुलखात लुटालूट करत फिरत राहिला, आणि निजामालाच त्याच्यामागे धावावं लागलं. शेवटी जड तोफा मागे राहिल्या आणि पालखेडला पाणी तुटलं. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह. कर्नलसाहेब म्हणाले, "यात तलवार किती वेळा चालली ते मोजा आणि पाण्याची घागर किती वेळा आली ते मोजा." आयुष्यभर माल वेळेवर पोचवण्याच्या चिंतेत गेलेल्या माणसाला अजून काय हवं? त्या दिवशी जेवण गार होतं, पण लक्षातही आलं नाही.

सप्टेंबरमध्ये असई. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यातलं. मराठ्यांशी लढणाऱ्या इंग्रज सेनापती वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं, केळणा नदीला जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून बघितलं तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर गावं आहेत म्हणजे मधे उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला, आणि तो खरा निघाला. एवढी एक गोष्ट घेऊन मी घरी आलो आणि आठवडाभर सोसायटीत भेटेल त्याला सांगितली. ऑक्टोबरचं व्याख्यान मात्र विसरण्यासारखं होतं आणि मी ते विसरलो आहे.

डिसेंबरपासून मात्र माझं लक्ष वक्त्यापेक्षा भांड्यांकडे जायला लागलं.

कार्यक्रम सातला. लोक जमेपर्यंत साडेसात. स्वागत, परिचय, स्मृतिचिन्ह, आणि परिचय करून देणाराचाही परिचय. व्याख्यान आठला सुरू. सांगितलेली वेळ ४५ मिनिटं, प्रत्यक्षात सव्वा तास. मग प्रश्नोत्तरं. त्यात प्रश्न दोन आणि निवेदनं सहा, प्रत्येकाची सुरुवात "मी सत्तर साली अंबाल्याला असताना". ताट हातात येतं पावणेदहाला. आणि भांड्यांखालच्या डब्या पेटलेल्या असतात सातपासून. मी एक डबी उलटी करून बघितली. तिच्यावर छापलं होतं: दोन तास. म्हणजे नऊला डबी संपते, आणि पुढचा पाऊण तास भाजी हॉलच्या एसीत बसून असते. पनीरवर साय येते. पुऱ्या बुटाच्या तळव्यासारख्या होतात. वरण ढवळावं तर चमचा उभा राहतो.

त्या रात्री विषय होता कराची. ४ डिसेंबर १९७१, निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र बोटी, सोबतीला किल्तान आणि कच्छल. खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंग काढणारी बोट बुडवली. पण खरी मेख वक्त्यांनी इंधनात दाखवली. त्या बोटी वेगवान, पण पल्ला तोकडा. किनाऱ्याच्या रक्षणासाठी घेतलेल्या बोटी शत्रूच्या बंदरावर न्यायच्या तर डिझेल पुरवायचं कसं? म्हणून दोर बांधून ओढत नेण्याची युक्ती, म्हणजे त्यांचं स्वतःचं इंधन ऐन वेळेला शिल्लक राहतं. आमचं आयोजक मंडळ पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतं, आणि मागे आमचं इंधन ऐन वेळेच्या पाऊण तास आधी संपत होतं. हे मी कोणाला सांगू?

सांगितलं. रीतसर मेल केली. उत्तर आलं, "सूचनेबद्दल आभार."

जानेवारीत पानिपत. यापेक्षा मोठी थट्टा नाही. १४ जानेवारीच्या आसपासची तारीख, तिळगूळ वाटून झालेला, आणि वक्ते पानिपतच्या रसदीवर पावणेदोन तास बोलले. उत्कृष्ट बोलले, हे आधी सांगतो. अब्दाली ऑक्टोबरअखेर बागपतला यमुना उतरला आणि भाऊंची दिल्लीकडची वाट तुटली. गोविंदपंत बुंदेले दाणागोटा गोळा करत होते, ते डिसेंबरमध्ये मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बाजारबुणगे, बायकामुलं. जवळपास अडीच महिने कोंडी. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून फौज बाहेर पडली. हे सगळं रात्री दहा वाजता साठ उपाशी माणसं ऐकत होती, आणि मसालेभाताचं भांडं तीस फुटांवर झाकलेलं होतं. माझ्या शेजारच्या मधुमेही गृहस्थांनी खिशातून खाकरा काढला आणि टेबलाखालून मला अर्धा दिला.

फेब्रुवारीत भांडण झालं. विषय हिंद महासागर. पाहुण्यांचं दिल्लीहून विमान रद्द झालं आणि दुपारी चारला मेसेज आला: कार्यक्रम झूमवर. व्याख्यान झालं. ग्वादर, हंबनटोटा ९९ वर्षांच्या कराराने, जिबुतीचा तळ, मलाक्काची कोंडी, मोत्यांची माळ म्हणजे चीनच्या बंदरांची साखळी, सगळे बाण नकाशावर जिथल्या तिथे. माझं मत विचाराल तर इथली युद्धेतिहासाची बाजू भक्कम आणि सामरिक घडामोडींची पातळ. वक्ता नोकरीत असेल तर बोलू शकत नाही, नसेल तर वर्तमानपत्रातलंच सांगतो. पण माझा मुद्दा तो नव्हता. झूमवर जेवण कसं दिलं? मी फोन केला.

"सर, व्याख्यान तर झालंच ना," समन्वयक म्हणाले.

"साहेब, पावतीवर 'आठ जेवणांसह' लिहिलंय. हॉटेलने त्या रात्रीचे पैसे लावले का?"

"ते अंतर्गत आहे."

आठाची सात झाली तर ताट २,७४३ रुपयांना पडतं. हे मी मेलमध्ये सविस्तर मांडलं, पावतीचा फोटो जोडला, आणि एका पुरवठादाराशी बोलावं तसा तीन आठवडे दर सोमवारी फोन केला. ३१ वर्षांत अनेक पार्ट्यांनी मला फोन न घेता जिरवलंय, हे मात्र थकले. पैसे नाहीत, पण एप्रिलसाठी एक पाहुणा फुकट. मी बायकोला नेलं.

तिला युद्धात काडीचा रस नाही. ती आली कारण मी रात्री साडेअकराला घरी येऊन पुन्हा पोहे मागतो, त्याचं कारण तिला बघायचं होतं. हॉलमध्ये शिरल्यावर मी तिला डब्यांचा सगळा सिद्धांत सांगितला. ती ऐकून सरळ बुफेकडे गेली. तिथे विशीतला एक मुलगा लायटर घेऊन उभा होता.

"बाळा, जेवण कधी वाढायचंय?"

"काकू, भाषण संपलं की. साडेनऊ-पावणेदहा."

"मग आत्ता कशाला पेटवतोस? ते टाळ्या वाजवायला लागले की पेटव."

"आम्हाला सातला पेटवा म्हणून सांगितलंय."

"दोन आत्ता पेटव, दाखवायला. बाकीच्या नंतर."

परत येऊन बसली. "झालं," म्हणाली. चार महिने, सात मेल, असंख्य फोन. मी काही बोललो नाही.

आणि आता मला माझंच मत अर्ध्यावर बदलावं लागतंय. तोवर मला वाटत होतं की मुद्दा गरम वरणाचा आहे. त्या रात्री कळलं की तो नाहीच.

विषय सियाचीन होता, १३ एप्रिल १९८४, ऑपरेशन मेघदूत. व्याख्यान चांगलं, पण तेवढं यूट्यूबवरही मिळतं. जेवण गरम होतं, वाफ येत होती, म्हणून लोक उभ्याउभ्या दोन घास खाऊन पळाले नाहीत. ताटं घेऊन टेबलावर बसले. आमच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते, आठ महिने मी त्यांना फक्त मान हलवून ओळख देत होतो. ते एएससीमधले, म्हणजे लष्कराच्या रसद दलातले निघाले, आयुष्य रसद पुरवण्यात गेलेलं. मी परचेसवाला आहे कळल्यावर त्यांनी काट्याने चटणीत रेषा ओढून हिमनदी काढली. म्हणाले, वरच्या चौकीचा विचार करताना लोक बंदूक धरतात, मी केरोसीन धरायचो. केरोसीन संपलं की बर्फ वितळत नाही, बर्फ वितळला नाही की पाणी नाही. चोहीकडे पाणी, पण प्यायला इंधन लागतं. विमानातून टाकलेला माल कधी भेगेत जायचा, डोळ्यांदेखत, आणि कागदावर मात्र तो 'पोचला' असायचा. अंडी इतकी गोठायची की पोरं ती भिंतीवर आपटून बघायची. "तुमच्याकडे माल पोचला कधी धरायचे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गेटवर सही झाली की. ते हसले. "आमच्याकडे माणसाने खाल्लं की."

माझ्या बायकोने त्यांना विचारलं, चौकीवर पोळी करता येत होती का? त्यावर ते वीस मिनिटं बोलले. उंचीवर डाळ शिजत नाही, कुकर लागतोच, आणि त्याची रिंग थंडीत कडक होऊन फाटते, तेव्हा साठ्यात रिंगा किती होत्या हे त्यांना अजून आठवतं. सव्वाअकरा वाजले. वेटर खुर्च्या रचायला लागले तेव्हा उठलो. हे कुठल्याही स्लाइडवर नव्हतं आणि कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही. १९,२०० मी यासाठी भरले होते, हे मला नवव्या महिन्यात कळलं. गार जेवणाच्या रात्री साडेदहाला हॉल रिकामा व्हायचा आणि ही माणसं आपापल्या गाडीत बसून गोष्टी घेऊन घरी जायची.

जूनमध्ये पुन्हा गेलो, एकटाच. ड्रोनवर व्याख्यान. बुफेजवळ मुलगा दुसरा होता, आणि सव्वासातला आठही डब्या जळत होत्या. मी बायकोसारखं त्याला सांगून बघितलं. त्याने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने समन्वयकांना, आणि समन्वयकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी जागेवर जाऊन बसलो. एएससीवाले आले नव्हते.

तर सल्ला विचाराल तर असा. युद्धेतिहास ऐकायचा असेल आणि घरातून सातला खाऊन निघण्याची तयारी असेल तर घ्या. सामरिक विषयांच्या रात्री पास पाहुण्याला द्या. मागच्या बाजूचं टेबल धरा, बुफेजवळचं, आणि जे व्याख्यानानंतर प्रश्न विचारत नाहीत त्यांच्या शेजारी बसा. आयोजकांना मी कालच्या मेसेजवर उत्तर दिलंय. लष्करी मेसमध्येही आधी जेवण आणि मग टोस्ट-भाषणं होतात. शिकागोला १९४० पासून अमेरिकन यादवी युद्धावरची राउंड टेबल भरते, तिथेही आधी जेवतात आणि मग वक्ता उभा राहतो. तुम्हाला उलटंच करायचं असेल तर दुसऱ्या खेपेच्या आठ डब्या आणा. मी भाव काढलाय, माणशी पाच रुपयांच्या आत बसतं. उत्तरादाखल नमस्काराची खूण आली, दोन हात जोडलेले.

मी नाही भरणार असं ठरवलं होतं. सकाळी चहा घेताना बायकोने विचारलं, जोडीची वर्गणी किती आहे? बघितलं. ३४,००० रुपये, सोळा ताटं. दहा टक्के सवलत धरून ताटाला १,९१२ रुपये ५० पैसे. ती म्हणाली, त्या कुकरच्या रिंगांचं पुढे काय झालं ते राहिलंय विचारायचं. ३१ला अजून सहा दिवस आहेत.