ओव्याची वाफ की जलनेती? चोंदलेल्या नाकासाठी काय निवडाल

ज्यांचं नाक वरचेवर चोंदतं त्यांना वाफ कशी घ्यायची हे शिकवायला नको. प्रश्न एवढाच असतो की वाफेवरच भागवायचं की जलनेतीच्या, म्हणजे एका नाकपुडीत मिठाचं कोमट पाणी ओतून दुसरीतून बाहेर काढण्याच्या, नादी लागायचं. मी दोन्ही भरपूर केलंय, त्या आधारावर लिहितो. तुमचं नाक वेगळं वागू शकेल.

वाफेतही प्रकार आहेत. निलगिरीचं तेल झटपट काम करतं, पण एखादा थेंब जास्त पडला की डोळे झोंबतात आणि ठसका लागतो. चुरडलेला ओवा त्यामानाने सोसवतो; त्यातल्या थायमॉलचा वास उग्र असला तरी अंगावर येत नाही. पुदिन्याने सगळ्यात मोकळं वाटतं, आणि गोम इथेच आहे. मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसांना चेतवतो. त्यामुळे हवा खेळतेय असं वाटतं. आतली सूज मात्र होती तेवढीच राहते.

माझं वाफेशी बिनसलं ते रात्रीमुळे. वाफ घेतली, नाक वाहिलं, डोकं हलकं झालं, म्हणून आडवं व्हावं तर थोड्याच वेळात खालच्या अंगाची नाकपुडी बंद. कूस बदलली की दुसरी. आडवं झाल्यावर नाकाच्या अस्तरात रक्त जास्त भरतं, त्यामुळे आधीच सुजलेली जागा आणखी आवळते. मग तोंडाने श्वास, कोरडा घसा आणि मध्यरात्री पाणी तापवायला पुन्हा उठणं. वाफेचा आराम खरा असतो, पण तो झोपेपर्यंत टिकत नाही. मला नेमका तिथेच हवा होता.

नेतीने नाक वाफेसारखं चटकन खुलत नाही. पण घट्ट झालेला शेंबूड, धूळ, परागकण हे सगळं वाहून जातं. झोपायच्या तासभर आधी केली तर रात्र बरी जाते, निदान माझी तरी. सकाळचा कोरडा घसाही बराच कमी झालाय.

तिचे त्रास आहेतच. सुरुवातीला नाकात पाणी शिरताना जीव घाबरतो. नंतर काही उचलायला वाकलं की उरलेलं पाणी भसकन बाहेर येतं, तेही नेमकं चारचौघांत. यावर उपाय म्हणजे लगेच पुढे वाकून, नाकपुड्या न दाबता हलकेच शिंकरणं. मीठ विसरू नका: 250 मिली पाण्याला साधारण अर्धा चमचा. नुसतं पाणी मिठाच्या पाण्यापेक्षा जास्त झोंबतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र तडजोड नको. नळाचं पाणी थेट वापरू नये. निदान एक मिनिट खळखळून उकळावं आणि कोमट होऊ द्यावं, नाहीतर डिस्टिल्ड घ्यावं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा नेग्लेरिया फाउलेरी या अमिबाच्या संसर्गाने मृत्यू झाला होता. असं क्वचितच घडतं, पण उकळण्याचा आळस करण्याइतकं क्षुल्लकही नाही.

वाफही वाटते तितकी निरुपद्रवी नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून मुलं भाजतात. अगदी लहान मुलांच्या नाकाशी निलगिरी, मेंथॉल किंवा कापूर नेऊच नये.

पडसं नुकतंच लागलं असेल आणि नाक फक्त आज मोकळं हवं असेल, तर ओव्याची वाफ पुरे. दुखणं सारखं उलटत असेल, तर नेतीला थोडे दिवस देऊन बघा असं मी म्हणेन. नाक ठार बंद असताना मात्र पाणी आरपार जातच नाही, जोर करू नका. अशा वेळी आधी वाफ घ्यावी, मग नेती. कान दुखत असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेती नकोच. आणि डोळ्याभोवती सूज आली, ताप चढला किंवा दहा दिवसांत उतार पडला नाही, तर हे दोन्ही बाजूला ठेवून दवाखाना गाठा.