चुना, डोलोमाइट, राख की जिप्सम? गोव्याच्या भातशेतीसाठी दुकानातल्या पोत्यांची पारख

डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खाणींवरून वाहून आलेली लाल माती ज्या शेतांत बसली आहे, तिथे भाताला जाच होतो तो मुख्यतः लोह आणि मँगनीजचा. पाणी तुंबले की मातीतला प्राणवायू संपतो, लोह विरघळते आणि मुळांवाटे पानांत चढते. खालच्या पानांच्या टोकांवर बारीक तपकिरी ठिपके येतात, पुढे अख्खे पान तांबूस पडते, आणि रोप उपटून पाहिले तर मुळांवर गडद तपकिरी लेप असतो. बांधाकडेच्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला तर काठीने ढवळून बघा. तुकडे पडून ते वेगळेच राहिले तर ते लोह. पुन्हा एकत्र आले तर तेल.

यावर उपाय म्हणून खतांच्या दुकानांत जे विकले जाते त्यात आमची पहिली पसंती डोलोमाइटला, पण फक्त मोरड (उंचावरच्या) आणि खेर (मधल्या, रेताड) जमिनींसाठी. जांभ्याच्या मातीतून पाऊस कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही धुऊन नेतो. डोलोमाइट आम्लता मारता मारता दोन्ही परत देते. खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) शेतात मात्र खाऱ्या पाण्यामुळे मॅग्नेशियम आधीच भरपूर असते. तिथे साधी चुनखडीची भुकटी किंवा शिंपल्यांचा चुना बरा. भाजलेला शिंपल्यांचा चुना झपाट्याने काम करतो, म्हणून तो चुनखडीपेक्षा कमी लागतो. न विरवलेली कळी असेल तर ती त्वचा आणि डोळे भाजते. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा.

पोते घेताना छापील टक्क्यांपेक्षा दळण महत्त्वाचे. चिमूटभर भुकटी बोटांत चोळा. रवाळ लागली तर ती या हंगामात जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण जाड कण विरघळायला वर्षे घेतात. मग थोड्या भुकटीवर व्हिनेगर टाका. चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट सावकाश, जिप्सम अजिबात नाही. ही परीक्षा जरूर करावी, कारण पांढरी भुकटी म्हणून जिप्समही त्याच रांगेत ठेवलेले असते. जिप्सम चोपण (सोडियम साचून घट्ट झालेल्या) जमिनीसाठी चांगले आहे, पण ते सामू (pH; तो वाढला की मातीची आम्लता घटते) वाढवत नाही. सामू वाढला नाही तर लोह, ॲल्युमिनियम, कॅडमियम यांची विद्राव्यता फारशी कमी होत नाही. या कामासाठी त्याला आमच्याकडून शून्य गुण.

मात्रेसाठी केरळ कृषी विद्यापीठाची शिफारस आपल्यासारख्याच जांभ्या, आम्ल जमिनींतून आलेली आहे: भाताला हेक्टरी ६०० किलो चुना, ३५० किलो पहिल्या नांगरणीला आणि २५० किलो पेरणी किंवा लावणीनंतर साधारण महिन्याने. म्हणजे १००० चौरस मीटरला ३५ आणि २५ किलो. दुसरा हप्ता देण्याआधी पाणी काढून टाका, आणि वरखत आठवडाभराने द्या. चुना आणि युरिया एकत्र पडले की नत्र अमोनिया होऊन उडून जाते. सर्वांत जास्त नुकसान इथेच होते, आणि दोष मात्र चुन्याला दिला जातो.

तुसाची राख हा या यादीतला सर्वांत कमी कौतुक झालेला माल. भातगिरणीतून ती स्वस्तात मिळते, तिच्यात बहुतांश सिलिका असते. सिलिकामुळे मुळे भोवतालचे लोह बाहेरच ऑक्सिडाइज करून अडवतात, शिवाय आर्सेनिक ज्या वाटेने मुळात शिरते त्याच वाटेवर सिलिका त्याच्याशी स्पर्धा करते. १००० चौरस मीटरला २०० ते ४०० किलो, चिखलणीच्या वेळी मिसळून. काळसर, कमी तापमानाला जळलेली राख घ्या. पांढरी-गुलाबी पडलेली राख फार जास्त तापलेली असते, तिच्यातली सिलिका विरघळत नाही. बायोचार (शेतीसाठी केलेला कोळसा) म्हणून पाच किलोच्या पिशव्या मिळतात, त्या कुंड्यांसाठी ठीक. शेतात परिणाम दिसायला हेक्टरी टनांनी लागतो.

‘जड धातू बांधून टाकणारी’ द्रव औषधे घेण्याआधी लेबल वाचा. ईडीटीएसारखे चिलेट धातूला विरघळलेल्या अवस्थेतच धरून ठेवते. जिथे धातू स्थिर करायचा आहे तिथे हे उलट काम आहे.

पोत्याइतकेच पाणीही पाहावे लागते. लोहाचा त्रास असलेल्या शेतात पाणी भरल्यावर १० ते २० दिवस थांबून मग तरवा (भाताची रोपे) लावा, तोवर लोहाची लाट ओसरते. फुटव्याच्या मध्यावर ७ ते १० दिवस पाणी काढून जमीन हवेशीर करा, आणि पालाश कमी पडू देऊ नका. पालाशाची कमतरता असलेले रोप लोहाला आधी बळी पडते. खाजनात मात्र शेत पूर्ण वाळवू नये. खालच्या थरातल्या गंधकयुक्त खनिजाला हवा लागली की आम्ल तयार होते आणि चुन्याची सगळी मेहनत वाया जाते. कॅडमियम आढळले असेल तर सल्ला उलटा: निसवणीच्या सुमारास शेतात पाणी ठेवणेच हिताचे, पण त्याने आर्सेनिक वाढते. म्हणून धातू कुठला हे आधी कळायला हवे.

आणि खाणीच्या गाळाचा कडक थर वर बसला असेल तर कुठलेच पोते आणू नका. आधी थर खरवडून शेताबाहेर काढा, मग मातीचा नमुना घ्या: नागमोडी चालत ८-१० जागी १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती, प्लास्टिकच्या बादलीत मिसळून अर्धा किलो. लोखंडी घमेले किंवा जस्ताची बादली वापरली तर अहवालात त्यांचाच धातू उतरतो. सामूबरोबर डीटीपीए पद्धतीने (पिकाला मिळू शकणारा धातू मोजणारी चाचणी) लोह, मँगनीज, जस्त तपासून मागा, आणि हे काम सारद (पावसाळी) हंगामाच्या दोन महिने आधी करा, म्हणजे पहिला चुना कोरड्या नांगरणीतच पडेल.