परभणीत बसून गिटार घेताना: न वाजवता मागवायची, की शहर गाठायचं?

भाचा लातूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मामा, दहा हजार जमलेत. मोबाईलवरूनच मागवू, का पुण्याला जाऊन वाजवून घेऊ? सगळे म्हणायलेत, न वाजवता घेऊ नको." अर्धा तास बोललो, तरी बरंच सांगायचं राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी परभणीत बारा वर्षं गिटार वाजवतोय. पहिली गिटार साबणापासून सायकलीपर्यंत सगळं विकणाऱ्या एका मोठ्या साइटवरून मागवली. दुसरी छत्रपती संभाजीनगरला दुकानात बसून, वाजवून घेतली. तिसरी फक्त वाद्यं विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून आली. तिन्ही वाटांनी जाऊन आलोय, त्यामुळे कुठल्या वाटेवर कुठं ठेच लागते ते सांगू शकतो.

आधी आपल्याकडची परिस्थिती. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव इथं वाद्यांचं दुकान म्हणजे टाळ, मृदंग, हार्मोनियम, तबला, ढोलकी. या वाद्यांतलं त्यांचं ज्ञान पक्कं आहे. आषाढीच्या आधी मृदंग तयार करून घ्यायला तिथं रांग लागते आणि पुडीवर नुसती थाप पडली तरी दुकानदाराला दोष कळतो. गिटारी मात्र वर दोन-तीन लटकवलेल्या असतात, बहुतेक एकाच बनावटीच्या, तारांना गंज धरलेल्या. "वाजवून घ्या" हा सल्ला मुंबईत धोबी तलावला बरोबर आहे, कारण तिथं एका भिंतीवर पन्नास गिटारी असतात. आपल्याकडे त्याचा अर्थ होतो, या तिनांतली एक उचला.

वाजवून बघितल्यानं कळतं काय?

शिकाऊ माणसाला दुकानात तीन गोष्टी नक्की कळतात. गिटारीचं खोकं काखेत नीट बसतं का, मानेभोवती हात पुरतो का, आणि आवाज कानाला गोड लागतो का. यातल्या पहिल्या दोन गोष्टी क्लासमध्ये किंवा मित्राची गिटार दहा मिनिटं मांडीवर घेऊनही कळतात. मोठं, रुंद कमरेचं खोकं म्हणजे ड्रेडनॉट, त्याहून लहान ते कॉन्सर्ट. स्टीलच्या तारांच्या गिटारीची मान नटपाशी (डोक्याजवळची खाचांची पट्टी) साधारण ४३ मिलीमीटर रुंद असते, नायलॉनच्या क्लासिकलची ५२ च्या आसपास. एवढं एकदा हाताला कळलं की पुढचं मापांवरून ठरवता येतं.

मान सरळ आहे का, तारांची उंची नंतर कमी करता येईल का, वरच्या फळीखालच्या पट्ट्या नीट चिकटल्यात का, हे नवख्याला वाजवून कळत नाही. मला स्वतःला संभाजीनगरच्या दुकानात अर्धा तास वाजवूनही चौथ्या तारेचा पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) बझ, म्हणजे खरखराट, ऐकू आला नव्हता. दार उघडं होतं, रस्त्यावर हॉर्न वाजत होते. रात्री घरी शांततेत वाजवली तेव्हा तो निघाला.

दहा-बारा हजारांपर्यंतच्या गिटारी कारखान्यात शेकड्यांनी बनतात. एकाच मॉडेलच्या दोन नगांत जो फरक जाणवतो तो बहुतेक वेळा सेटअपचा असतो, म्हणजे तारांची उंची, मानेचा किंचित बाक, नटच्या खाचांची खोली. तो फरक दुरुस्त होतो. तीस-चाळीस हजारांच्या पुढं गेलात की लाकूड बोलायला लागतं, प्रत्येक नग वेगळा वाजतो. तिथं मात्र प्रवास करा आणि तासभर वाजवल्याशिवाय पैसे देऊ नका.

म्हणून भाच्याला मी दोन प्रश्न विचारले. गिटार आल्यावर तिचा सेटअप कोण करून देणार? आणि बिघडलेली निघाली तर ती परत कोण नेणार? माझ्या मते न वाजवता घ्यायची की नाही, हे या दोन उत्तरांवर ठरतं.

सगळं विकणारी मोठी साइट

इथं सगळ्यात स्वस्त मिळतं. अडीच-तीन हजारांत गिटार, सोबत बॅग, पट्टा, पिक, जादा तारा. फोटो झकपक असतो. माझी पहिली गिटार अशीच होती, ३८ इंची, एका बाजूनं खाच कापलेली, वर्णनात "लिंडन वूड" लिहिलेलं. लिंडन हे बासवूडच्या कुळातलं मऊ लाकूड आहे. त्यात वाईट काही नाही, पण त्या नावानं भारावून जायचं कारण नाही. ती खाच वरचे सूर सहज दाबता यावेत म्हणून असते. पहिल्या वर्षी आपण तिसऱ्या फ्रेटच्या पुढं फारसे जात नाही.

खरी अडचण दुसरीच होती. बाराव्या फ्रेटवर तारा जवळजवळ चार मिलीमीटर उंच होत्या. बोटं सोलून निघाली, नवख्याला अवघड जाणारं एफ कॉर्ड (एकदम दाबून वाजवायचे सूर) लागेचना. महिनाभर मला वाटत होतं की आपल्यालाच जमत नाहीये. परभणीत कुणी सेटअप करून देणारं नव्हतं, आणि त्या गिटारीच्या मानेत ट्रस रॉड ही आतली सळईच नव्हती, म्हणजे बाक काढायची सोयच नाही. शेवटी ती भिंतीवर गेली. माझ्यासोबत शिकायला लागलेल्या दोघांनी अशाच गिटारीपायी वाद्य सोडलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

या वाटेनं जायचंच असेल तर वर्णनात "ॲडजस्टेबल ट्रस रॉड" हे शब्द शोधा. नसतील तर पुढं जा. विक्रेता कोण आहे तेही बघा. साइट एक असते, माल पाठवणारा दुसराच असतो.

फक्त वाद्यं विकणारी ऑनलाइन दुकानं

फुर्टाडोस मुंबईत १८६५ पासून आहे, बजाओ २००५ पासून ऑनलाइन विकतंय. अशा दुकानांचा खरा फायदा म्हणजे फोन उचलणाऱ्या माणसाला ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, हा शब्द समजतो. तिसऱ्या गिटारीच्या वेळी मी पैसे भरायच्या आधी फोन केला. म्हटलं, पाठवाल तो नग बाहेर काढा, बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा, प्रत्येक तार एकेका फ्रेटवर वाजवून व्हिडिओ पाठवा. त्यांनी पाठवला. तीच गिटार आज रोज हातात असते. सगळीकडे हे करतीलच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. जो विक्रेता साफ नाही म्हणतो, त्याच्याकडून परतीच्या वेळी काय वागणूक मिळेल याचाही अंदाज येतो.

आठ ते बारा हजारांत इथं यामाहाची एफ २८० किंवा एफ ३१०, कोर्टची सुरुवातीची मॉडेलं अशा गिटारी येतात. किमती वरखाली होतात, पण साधारण हाच पट्टा. एफ ३१० ची तारांची लांबी ६३४ मिलीमीटर आहे. ६५० च्या जवळच्या गिटारींपेक्षा तारा थोड्या सैल लागतात आणि नव्या बोटांना ते मानवतं. भाच्याला मी इथूनच घ्यायला सांगितलं.

शहर गाठायचं तर

नांदेडहून निघणारी तपोवन एक्स्प्रेस परभणीवरून संभाजीनगरला आणि रात्री थेट मुंबईला पोचवते. लातूरहून पुण्याला रात्रीच्या बसनं जाता येतं. प्रवास, जेवण, एखादा मुक्काम धरला तर दीड-दोन हजार सहज जातात. दहा हजारांच्या गिटारीवर हा पाचवा हिस्सा झाला. त्यापेक्षा तेवढीच रक्कम गिटारीत घातलेली बरी.

एक गोष्ट मात्र दुकानातच मिळते. तिथला कारागीर तुमच्यासमोर सॅडल (खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून तारा खाली आणून देतो. मी दुसऱ्या गिटारीचा बझ त्याच दुकानातून काढून घेतला, सहाशे रुपये दिले. कॉलेज किंवा नोकरीनिमित्त संभाजीनगरला, पुण्याला येणं-जाणं असणाऱ्यांनी सरळ दुकानातून घ्यावी. दुरुस्तीला पुन्हा तिथंच नेता येते.

आपलं ऊन

पुण्या-मुंबईची माणसं सल्ला देताना हे विसरतात. गिटार बनवणारे हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा म्हणतात. परभणी-नांदेडला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ च्या वर चढतो आणि दुपारची आर्द्रता त्याच्या निम्म्यावर येते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब असते. कोरड्या हवेत वरची फळी आत बसते, मानेचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बोटांना टोचायला लागतात. ओल्या हवेत फळी फुगते, तारा उंच होतात.

एकसंध लाकडाच्या फळीला सॉलिड टॉप म्हणतात. तिचा आवाज खुला असतो, वर्षं जातील तसा आणखी खुलतो, आणि उन्हाळ्यात तडकण्याची भीतीही तिलाच जास्त. पातळ थर चिकटवून केलेली लॅमिनेट फळी आवाजात थोडी दबलेली, पण हवेचे फटके सोसते. पहिल्या गिटारीसाठी मराठवाड्यात मी लॅमिनेटच घ्या म्हणेन, पैसे हातात असले तरी. सॉलिड टॉप घेतलीत तर तीनशे-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणि चांगली हार्ड केस तिच्यासोबतच घ्या.

कूलरचंही सांगून ठेवतो. आपल्या घरोघरी वाळ्याचा कूलर असतो. रात्रभर ओलसर वारा, दिवसा बंद खोलीत भट्टी. कूलरसमोर टांगलेली गिटार दोन उन्हाळ्यांत वाकते. ती बॅगेत घालून आतल्या भिंतीला ठेवा.

मागवायची वेळही याच हिशोबानं निवडा. मे महिन्यात डिलिव्हरीच्या गाडीत तापलेला खोका दिवसभर फिरतो, त्या उष्णतेनं डिंक मऊ होऊन ब्रिज (तारा अडकवायचा फळीवरचा ठोकळा) उचलला जाऊ शकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

खोका दारात आला की

सील तोडण्यापासून शेवटपर्यंत न थांबता एक व्हिडिओ करा, खोक्यावरचा पत्ता त्यात दिसू द्या. हवा फार गरम किंवा गार असेल तर खोका बाहेरून चित्रित करून काही तास घरात तसाच ठेवा, मग पुन्हा व्हिडिओ सुरू करून उघडा.

आधी नटच्या मागं, जिथं मान डोक्याला जोडते, तिथं केसाएवढी भेग आहे का बघा. वाहतुकीत गिटार सगळ्यात जास्त तिथंच मोडते. मग ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून बघा. आत शिरला तर ब्रिज सुटतोय.

आता सुरात लावा. मोबाईलवरचं ट्यूनर ॲप चालतं. तारांची उंची मोजायला एटीएम कार्ड घ्या. त्याची जाडी ०.७६ मिलीमीटर असते, म्हणजे एकावर एक तीन कार्डं म्हणजे सव्वादोन मिलीमीटरच्या वर. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली तीन कार्डं सहज बसून किंचित फट उरली तर उत्तम. चार बसूनही जागा उरली तर तारा उंच आहेत. बाराव्या फ्रेटवर उंची अर्धा मिलीमीटर कमी करायची तर सॅडल खालून एक मिलीमीटर घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. हे कानसीनं घरी करू नका, जास्त घासलं तर परत येत नाही.

यानंतरची परीक्षा मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. प्रत्येक तार मोकळी वाजवून सुरात आणा, मग तीच बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरवर तोच सूर, वरच्या सप्तकातला, जवळजवळ मध्यावर दिसला पाहिजे. काटा दहा-पंधरा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा गेला तर खाली साधं कॉर्ड गोड लागेल आणि वर गेलात की बेसूर. तारा उंच असतील तर त्या खाली आणल्यावर हे थोडं सुधारतं. उंची ठीक असूनही काटा चढा असेल तर बहुधा ब्रिजची जागाच चुकली आहे. ॲकूस्टिक गिटारीत ते सहजी दुरुस्त होत नाही. अशी गिटार ठेवून घेऊ नका.

परत पाठवायची वेळ आली तर

माझ्या बहिणीचं गाव जिंतूर तालुक्यात आहे. तिच्या मुलासाठी मागवलेल्या गिटारीची खुंटी तुटलेली निघाली. पोचवायला माणूस आला होता, न्यायला येईना, त्या पिनकोडला परतीची सेवाच नव्हती. शेवटी आम्ही खोका परभणीला आणून स्वतःच्या खर्चानं पाठवला. त्यामुळे मागवायच्या आधी पिनकोड टाकून डिलिव्हरीसोबत परतीची उचलही तपासा. गावात नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या नातेवाइकाचा पत्ता द्या.

हक्कही माहीत असू द्या. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मात्र "आवाज आवडला नाही" हे कारण या नियमात बसत नाही. ती मुभा दुकानाच्या स्वतःच्या धोरणात असेल तरच मिळते, म्हणून ते धोरण आधी वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

भाच्याची गिटार दिवाळीच्या आठवड्यात पोचली. तीन कार्डं बसली, वर थोडी फट, बाराव्या फ्रेटवर काटा मध्यावर. तिसऱ्या दिवशी त्याचा घाबरलेला फोन आला, "मामा, रोज सकाळी सूर उतरलेला असतोय, परत पाठवू का?" नव्या तारा आठवडाभर ताणत राहतात. त्याला सांगितलं, रोज लाव आणि वाजव, आठ दिवसांनी कळव. आठ दिवसांनी त्याचा फोन आला नाही, एफ कॉर्डचा व्हिडिओ आला.