वाफेच्या माथी मारलेला दोष

सोफ्याच्या हातावर चामडं चढवताना कोपऱ्याला वाफ द्यायची, हे माझं रोजचं काम. वाफ लागली की चामडं जरा सैल पडतं, फोमच्या गोलाईवर बसतं, चुण्या निघतात. त्या दिवशी मात्र पहिल्याच कोपऱ्यावर गर्द तपकिरी रंग फटफटीत झाला. ताण जिथे सगळ्यात जास्त, तिथे बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा आणि त्याच्या आजूबाजूला दुधाळ ढग. मी स्टीमर बंद केला आणि चूक आपलीच असं धरून चाललो. चामडं विकणाऱ्याला हेच हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

स्वतःवर संशय घ्यायला कारण होतं. काही वर्षांपूर्वी मी वाफेने एक पॅनल खरोखरच बिघडवलं होतं. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास आकसायला लागतं. क्रोमच्या (क्रोमियम धातूच्या) क्षारांत नीट कमावलेलं १०० अंशांच्या आसपासही तग धरतं. हा फरक मी तेव्हा लक्षात घेतला नव्हता. वाफेचं तोंड एका जागी धरून ठेवलं आणि चामडं काळवंडून, आक्रसून पुठ्ठ्यासारखं कडक झालं. तो डाग मनात राहिलाच होता.

म्हणून या वेळी मी चार दिवस स्टीमरच्या मागे लागलो. टाकी धुतली, डिस्टिल्ड पाणी भरलं, कारण जड पाण्यातले क्षार वाळून पांढरी कडी सोडतात. टाकीत गंज आहे का तेही पाहिलं. सालीत कमावलेल्या चामड्यावर लोहाचा अंश पडला की सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून निळे-काळे ठिपके उठतात. गंज नव्हता. मग वाफ लांबून दिली, मध्ये सुती फडकं धरलं, शेवटी नुसती मागच्या बाजूने दिली. पट्टा प्रत्येक वेळी उमटला.

विकणाऱ्याला फोन केला. आवाज अगदी समजूतदार. "अहो, वाफ जास्त झाली असणार. नवीन चामड्याला सगळ्यांचं असं होतं. माझ्याकडे रंग परत आणणारं लिक्विड आहे, पाठवून देतो." त्याचे पैसे अर्थातच वेगळे. मी दिले. कापसाने लावलं, पट्टा झाकला गेला, मला हायसं वाटलं. दोन दिवसांनी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसलं तर फडकं तपकिरी आणि पट्टा जागच्या जागी. वाफेने बिघडलेला कोपरा रंगवण्याचेच पैसे मी दिले असं तेव्हा समजत होतो. खरं तर माझ्याच चुकीची पावती मी त्याच्या हातात दिली होती, कारण पुढे प्रत्येक बोलण्यात तो म्हणायचा, "तुम्हीच तर वाफेचं मान्य केलंत."

उलगडा झाला तो पायपिंग, म्हणजे शिवणीवरची दोरी भरलेली गोट, करताना. माझ्या हाताखालच्या मुलाने उरलेल्या चामड्याची पट्टी कापली, दोरीवर दुमडली आणि म्हणाला, "दादा, हीपण पांढरी पडतेय." त्या पट्टीला वाफ लागलीच नव्हती. कोरडी, थंड, गुंडाळीतून नुकतीच काढलेली. मी दुसरा तुकडा लाकडाच्या कडेवर ताणला. तोच राखाडी पट्टा.

मग नवं ब्लेड घेऊन तुकडा तिरका कापला आणि भिंगाखाली धरला. वर कातडीसारखी पातळ फिल्म, त्यावर ठसा मारून उठवलेला खोटा दाणा (कातड्याच्या पृष्ठभागाची नक्षी), तिच्याखाली केसाएवढा रंग आणि मग सगळे सैल, निळसर राखाडी तंतू. कातड्याच्या वरच्या भागात जी घट्ट, बारीक वीण असते ती कुठेच नाही. हे स्प्लिट होतं, म्हणजे कातडं आडवं चिरल्यावर खाली उरणारा थर. निळसर छटा क्रोमची. ताण पडला की फिल्म विरळ होते, ठसा पसरतो आणि खालचा न रंगलेला गाभा दिसतो. ओली वाफ फिल्मखाली अडकली की दुधाळपणा येतो. वाफेने हे लवकर दिसलं, एवढंच. माणसं बसून बसून सहा महिन्यांत तेच दिसलं असतं.

आणि मला दाखवलेलं नमुन्याचं कार्ड? तेही कापून पाहिलं. त्यावरचा तुकडा खराखुरा टॉप ग्रेन, म्हणजे कातड्याचा घट्ट विणीचा वरचा थर, आरपार रंगवलेला. नमुना एक, माल दुसरा.

फोनवर हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ते पुल-अप आहे, ताणलं की फिकट होणारच." पुल-अप चामडं ताणल्यावर फिकटतं हे खरं, पण ते आतलं तेल-मेण सरकल्यामुळे, तळहाताने चोळून ऊब दिली की रंग बराचसा परत येतो. मी तासभर चोळलं होतं. शेवटी त्याने बिल वाचायला सांगितलं. बिलावर एकच शब्द होता, "चामडं". स्प्लिट हेही चामडंच, तेव्हा बिल खोटं ठरत नव्हतं. टॉप ग्रेन, आरपार रंग, हे सगळं तोंडी. खाली बारीक अक्षरात: कापलेला माल परत घेतला जाणार नाही. न कापता माल ओळखता येत नाही आणि कापला की परत जात नाही, असा तो पेच होता. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. पैसे परत मिळाले नाहीत. गिऱ्हाइकाचा सोफा मी दुसरं चामडं आणून पदरमोड करून पुन्हा चढवला.

आता पैसे देण्याआधी मी कातड्याच्या पायाकडच्या टोकाचा दोन बोटं तुकडा मागतो. तो भाग एरवीही कामात येत नाही, त्यामुळे कापायला हरकत घेणाऱ्याकडून मी काही घेत नाही. तुकडा आधी थंडच ताणायचा. मग ओलं पांढरं फडकं वीस-पंचवीस वेळा घासायचं. मग तिरका काप. या तिन्हींत टिकला तरच वाफ, तीही मागच्या बाजूने, हात फिरता ठेवून. वाफेनंतर आलेला नुसता गडद ओला डाग रात्रभरात वाळून जात असेल तर घाबरू नका, मी ते नेहमी पाहतो. थंड ताणातच पांढरं पडणारं चामडं मात्र कुठल्याही स्टीमरने बिघडवलेलं नसतं, आणि रंगाच्या बाटलीने सुधारतही नाही. बिलावर "टॉप ग्रेन, आरपार रंग" हे शब्द विकणाऱ्याच्या हाताने लिहून घ्या. नमुन्याच्या कार्डाचा अर्धा तुकडा त्याच्या सहीसकट तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे तो असता तर "तुम्हीच मान्य केलंत" या वाक्याला माझ्याजवळ उत्तर होतं.