मेसेज बॉक्समध्ये ३६ लिहावं की नाव?

एक्सेलच्या मॅक्रोत (कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) हो/नाही विचारायचं, तर मेसेज बॉक्सला, म्हणजे प्रश्न दाखवणाऱ्या चौकटीला, सरळ ३६ द्यावं की त्याच आकड्याची नावं ‘व्हीबी-येस-नो अधिक व्हीबी-क्वेश्चन’ लिहावीत, असं ऑफिसातल्या एकाने विचारलं.

टायपिंग: ३६ झटकन होतं. पण स्वल्पविराम देताच कोड लिहायचा एडिटर नावांची यादी पुढे करतो, म्हणजे बचत फारशी नाहीच. मॅक्रो चालण्याचा वेग दोन्हींचा सारखाच.

खरा फरक वाचताना. ३६ म्हणजे ४ (हो-नाही बटणं) अधिक ३२ (प्रश्नचिन्ह). उत्तरही आकड्यातच येतं: ‘हो’ला ६, ‘नाही’ला ७. ‘उत्तर ७ असेल तर शीट डिलीट कर’ ही घोडचूक वाचताना नजरेतून निसटते. तिथे ७ ऐवजी त्याचं नाव व्हीबी-नो असतं तर लगेच खटकलं असतं.

बदल करतानाही तेच. डीफॉल्ट (आधीच निवडलेलं) बटण ‘नाही’वर न्यायला २५६ मिळवा, झाले २९२. आता हे कोण ओळखणार?

बाहेरच्या व्हीबीस्क्रिप्टमधून (विंडोजच्या स्क्रिप्ट भाषेतून) एक्सेल चालवताना मात्र एक्सएल-अपसारखी एक्सेलची स्वतःची नावं चालत नाहीत, -४१६२च द्यावं लागतं. तरी वर कॉन्स्टची (आकड्याला नाव जोडणारी) एक ओळ लिहून नाव देता येतंच.

इमिजिएट विंडोत (एखादी ओळ लगेच चालवून बघायच्या खिडकीत) एकदा तपासून सोडून द्यायचं असेल तर खुशाल ३६ लिहा. फाइल दुसऱ्याच्या हातात जाणार असेल, तर नावंच.