फॉरमॅट मारल्यावर कोणतं लायसन्स मुकाट्याने परत येतं?

ऑफिससाठी विंडोजचं लायसन्स घेताना सगळे आधी किंमत विचारतात. मी आधी विचारतो, उद्या हार्ड डिस्क मेली आणि विंडोज नव्याने टाकावं लागलं, तर हे लायसन्स किती छळणार? त्याचं उत्तर लायसन्सच्या जातीत आहे. सध्या तुमच्याकडे कोणती जात आहे ते पाहायला अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एसएलएमजीआर, मग स्लॅश डीएलआय टाइप करा. छोटी खिडकी उघडते. तिच्यात ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द सापडेल. बिलावर काहीही छापलेलं असो, या खिडकीवर विश्वास ठेवा. आणि हे फॉरमॅट मारण्याआधी करा, नंतर नाही.

ओईएम म्हणजे तयार पीसीबरोबर येणारं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून मोठ्या कंपन्या लायसन्स-की (अ‍ॅक्टिव्हेशनचा कोड) मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये, भरून देतात. सेटअप ती स्वतः वाचतो, नेट जोडलं की काम झालं. एसएसडी बदला, रॅम वाढवा, काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला की मात्र लायसन्सही गेलं. खराब बोर्ड वॉरंटीत कंपनीनेच बदलून दिला असेल तर गोष्ट वेगळी.

यात एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलोय. अकाउंट्सच्या एका मशीनवर विंडोजची होम (घरगुती) एडिशन होती, नंतर पैसे भरून प्रो (ऑफिसची) केलेली. वर्षभराने फॉरमॅट मारला. सेटअपने एडिशन विचारलीच नाही, फर्मवेअरमधली होमची की उचलली आणि गपचूप होम टाकलं. ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसतंय म्हणून मीही निर्धास्त. डोमेनला (ऑफिसच्या मध्यवर्ती लॉगिन व्यवस्थेला) जोडायला गेलो तर तो पर्यायच गायब! इलाज साधा आहे: पेनड्राइव्हवरच्या सोर्सेस फोल्डरमध्ये ईआय डॉट सीएफजी नावाची चार ओळींची फाइल ठेवली की सेटअप एडिशन विचारतो. प्रो निवडलं की त्या हार्डवेअरचं आधीचं डिजिटल लायसन्स (मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या मशीनच्या नावाने असलेली नोंद) आपोआप लागू होतं. हे कळेपर्यंत माझी दुपार गेली होती.

रिटेल म्हणजे सुटं विकत घेतलेलं. ते महाग, पण एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येतं. असेंबल्ड पीसींसाठी मी हेच सुचवतो, कारण तिथे मदरबोर्ड कधीतरी बदलणारच. जुन्या मशीनवर त्याच एसएलएमजीआर कमांडला स्लॅश यूपीके जोडून दिलं, म्हणजे लायसन्स-की ‘मोकळी’ होते असा पुष्कळांचा समज आहे. ती फक्त त्या मशीनवरून पुसली जाते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला काहीच कळत नाही. २०१६ च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटपासून डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येतं आणि हार्डवेअर बदलल्यावर ट्रबलशूटरमधून परत मिळवता येतं. सोय चांगली, फक्त ते खातं नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नसावं.

आता व्हॉल्यूम, म्हणजे संस्थांना घाऊक मिळणारं. आधी एक गोष्ट, जी विकणारे पुष्कळदा सांगत नाहीत: डेस्कटॉप विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेड असतं. खाली मशीनचं मूळ पात्र लायसन्स लागतंच. कोऱ्या पीसीसाठी हा स्वस्त रस्ता नव्हे.

त्यात एमएके (अनेक मशीनवर चालणारी एकच की) आणि केएमएस (ऑफिसातल्या सर्व्हरवरून अ‍ॅक्टिव्हेशन) असे दोन प्रकार. एमएकेला ठरावीक अ‍ॅक्टिव्हेशन्स असतात आणि फॉरमॅट मारून पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट केलं की आणखी एक खर्ची पडतं, मशीन तेच असलं तरी. कोटा संपला की शेवटी सी०२० असलेला एरर येतो आणि वाढवून मागत बसावं लागतं. व्हीएएमटी या मोफत टूलमधून प्रॉक्सी अ‍ॅक्टिव्हेशन (मशीनच्या वतीने टूलनेच मायक्रोसॉफ्टकडून करून घेतलेलं) केलं तर कन्फर्मेशन आयडी, म्हणजे मंजुरीचा कोड, जपून राहतो आणि त्याच हार्डवेअरवर कोटा न खाता पुन्हा लावता येतो. एमएके घेणार असाल तर हे पहिल्या दिवसापासून करा.

केएमएसमध्ये की मोजायची भानगड नाही. ऑफिसातलाच एक सर्व्हर १६८८ पोर्टवर अ‍ॅक्टिव्हेशन देतो, ते १८० दिवस टिकतं आणि मशीन दर ७ दिवसांनी ते ताजं करायला बघतं. पण किमान २५ डेस्कटॉप विचारायला आल्याशिवाय तो सर्व्हर कुणालाच अ‍ॅक्टिव्हेट करत नाही. एकाच इमेजवरून (तयार विंडोजच्या प्रतीवरून) सिसप्रेप न करता, म्हणजे मशीनची ओळख पुसणारं विंडोजचं टूल न चालवता, तीस मशीन क्लोन केलीत, तर सगळ्यांचा क्लायंट आयडी एकच राहतो आणि सर्व्हर त्यांना एकच मशीन धरतो. एरर दिसतो एफ०३८ वाला, आणि आपण फायरवॉल तपासत बसतो. (सर्व्हरपर्यंत पोचताच येत नसेल तर एरर एफ०७४ चा.) बाहेर फिरणारे लॅपटॉप सहा महिने ऑफिसच्या नेटवर्कवर आले नाहीत तर तेही रुसतात.

सबस्क्रिप्शनचा एंटरप्राइझ (विंडोजची मोठ्या संस्थांसाठीची एडिशन) कर्मचाऱ्याच्या लॉगिनबरोबर येतो, एका माणसाला पाच मशीनपर्यंत. त्याखालचा प्रो मात्र आधीच अ‍ॅक्टिव्हेट असावा लागतो, म्हणजे वरचे प्रश्न टळत नाहीत.

माझा कौल: पंचविसाच्या आत मशीन आणि ब्रँडेड खरेदी असेल तर थेट प्रो असलेलं ओईएम घ्या, होम घेऊन वाढवू नका. असेंबल्ड असतील तर रिटेल. केएमएस तेव्हाच, जेव्हा मशीन पंचविसाच्या बऱ्याच वर आहेत आणि सर्व्हर सांभाळायला माणूस आहे.

आणि ऑनलाइन फुकटच्या भावात घेतलेली ‘रिटेल’ की असेल, तर ती डीएलआयची खिडकी एकदा बघाच. तिथे व्हॉल्यूम एमएके दिसलं, तर ती दुसऱ्याच कुठल्या संस्थेच्या कोट्यातली असण्याची दाट शक्यता आहे. अशी की आज चालते आणि ब्लॉक झाली की पुढच्या फॉरमॅटला सी००३ दाखवते. त्या मशीनला पेनड्राइव्ह लावण्याआधी खरं लायसन्स हाताशी ठेवा.