जेरी ब्राउन की बॉबी जिंदल? एकाच गव्हर्नरचा अभ्यास करायचा असेल तर

राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी अमेरिकेतला एकच गव्हर्नर निवडायचा असेल, तर कॅलिफोर्नियाचे जेरी ब्राउन आणि लुइझियानाचे बॉबी जिंदल या दोन माजी गव्हर्नरांतून निवडा, असं मी सांगेन. आधी एक गैरसमज दूर करू. आपली वर्तमानपत्रं ‘राज्यपाल’ छापतात, पण हा केंद्राने राजभवनात पाठवलेला माणूस नव्हे. तो थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, राज्याचं बजेट मांडतो, विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक नकाराधिकाराने अडवतो. आपल्या मुख्यमंत्र्यासारखाच म्हणा ना. फक्त सभागृहातलं बहुमत गेलं म्हणून याची खुर्ची जात नाही.

दोघांनीही वयाच्या ३६व्या वर्षी शपथ घेतली. साम्य तिथेच संपतं.

जिंदल यांच्याकडे आपला ओढा असणार, ते साहजिक आहे. आईवडील पंजाबातून गेलेले, मुलगा २४व्या वर्षी लुइझियानाच्या आरोग्य खात्याचा सचिव. २००३ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक हरले, मग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत गेले आणि २००८ मध्ये भारतीय वंशाचे पहिले गव्हर्नर झाले. पुढे कर कापले, २०१४ पासून तेलाचे भाव कोसळले, आणि तिजोरीतल्या खड्ड्याची झळ विद्यापीठांच्या अनुदानाला बसली. राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून ते नोव्हेंबर २०१५ मध्ये बाहेर पडले. चारच दिवसांनी लुइझियानाने त्यांच्या जागी विरोधी पक्षाचे जॉन बेल एडवर्ड्स निवडून दिले.

ब्राउन यांची गोष्ट लांबलचक आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. वडील पॅट ब्राउनही कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते, त्यामुळे घराणेशाहीचा मुद्दा टाळून चालणार नाही. पण १९७५ मध्ये सत्तेवर आल्यावर या मुलाने गव्हर्नरसाठी बांधलेला नवा बंगला नाकारला, राजधानी सॅक्रामेंटोत भाड्याचा साधा फ्लॅट घेतला आणि जमिनीवर गादी टाकून झोपू लागला. तीनदा राष्ट्राध्यक्षपदासाठी धडपडले, तिन्ही वेळा पक्षाचं तिकीटच मिळालं नाही. १९८२ मध्ये सिनेटची निवडणूक हरले. मग काही काळ कलकत्त्यात मदर तेरेसांच्या आश्रमात मरणासन्न माणसांची सेवा केली. १९९९ मध्ये ते ओकलंडचे महापौर झाले. दोन वेळा गव्हर्नर राहिलेला माणूस एका शहराचे प्रश्न सोडवायला बसतो, हे मला फार मोठं वाटतं. त्यानंतर राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सर्वोच्च कायदा अधिकारी, आणि २०११ मध्ये, ७२व्या वर्षी, पुन्हा गव्हर्नर. समोर सुमारे २७ अब्ज डॉलरची तूट होती. २०१९ मध्ये पायउतार झाले तेव्हा तिजोरीत शिल्लक होती.

हाताशी महिनाच असेल तर जिंदल घ्या. आठ वर्षांचा कारभार आवाक्यात येतो. विषय स्थलांतरितांचा असेल तर मात्र साउथ कॅरोलायनाच्या माजी गव्हर्नर, भारतीय वंशाच्याच निकी हेली जास्त देतील. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांची हत्या झाल्यावर विधिमंडळाच्या आवारातला कॉन्फेडरेट ध्वज, म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेतल्या राज्यांचा झेंडा, त्यांनी उतरवून घेतला, तो एक प्रसंगही प्रकल्पाला पुरेल.

सहा महिने असतील तर बिनधास्त ब्राउन. सुरुवात जन्मापासून करू नका, दोन मतदानांपासून करा. १९७८ मध्ये लोकांनी मालमत्ता करावर मर्यादा घातली. ब्राउन यांचा विरोध होता, पण कौल लागताच त्यांनी तो राबवला. २०१२ मध्ये त्यांनी स्वतः लोकांकडे कर वाढवून मागितला, आणि कॅलिफोर्नियाने होकार दिला.